बोडीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवून

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि मोहबोडी नगरपंचायतीच्या नगराध्यक्षा माननीय दामिनीताई कोरे, नागपूरहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर रचना साखरे, मंचावरचे मुख्याधिकारी साहेब, माझे सगळे आजीमाजी नगरसेवक बंधुभगिनी, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या कुसुमबाई मेश्राम, कर्मचारीवर्ग, गावकरी मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, नगरपंचायतीचे सभा लिपिक श्री. लीलाधरजी भेंडारकर आणि सौ. वहिनी,

सर्वांना माझा नमस्कार.

पहिल्यांदा एक खुलासा करतो. मंडप तिरपा का, हे मघापासून चारपाच जण मला विचारून राहिले. डाव्या बाजूच्या भगिनींच्या डोक्यावर ऊन येत आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. बिछायतवाल्याची चूक नाही. मंडप सरळ टाकला असता तर त्याचे तीन खांब त्या पलीकडच्या दांडात, म्हणजे बोडीकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाटात, आले असते. आता तुम्ही म्हणाल, नोव्हेंबर संपत आला, धान कापून झाला, दांड कोरडा ठणठणीत आहे, मग तिथे खांब रोवला तर बिघडलं कुठे? हाच प्रश्न मीही विचारला. मला ठराव दाखवण्यात आला. या कार्यक्रमाच्या मंडपाचा ठराव, आणि त्यात शेवटचं वाक्य: सदर काम बोडीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवून करण्यात यावे. ठराव लिहिणारे कोण, ते समोर खाली मान घालून बसलेत. स्वतःच्या निरोपाचा मंडप या गृहस्थाने तिरपा करून घेतला.

पाहुण्यांसाठी सांगतो, बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. या जिल्ह्यात गाव तिथे बोडी. नवेगाव बांधचा मोठा तलाव बघायला लोक लांबून येतात, आमची बोडी बघायला कोणी येत नाही. पण आमच्या विहिरी तिच्यावर आहेत, खालची चाळीस एकर धानाची शेती तिच्यावर आहे, आणि तिच्यात पाणी येतं ते वरच्या उतारावरून, गावाच्या मधून. त्या पाण्याच्या वाटेचीच गोष्ट मी आज सांगणार आहे. लीलाधरजींच्या गौरवपर दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. दोन शब्दांत मला काही सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

लीलाधरजी १९९१ साली ग्रामपंचायतीत लागले. वय चोवीस. पुढे गावाची नगरपंचायत झाली, सरपंचाचा नगराध्यक्ष झाला, खुर्च्यांना गाद्या आल्या, पण सभेचं प्रोसिडिंग बुक यांच्याच हातात राहिलं. मी दोनदा सरपंच होतो, एकदा नगराध्यक्ष, आणि आता साधा नगरसेवक आहे. म्हणजे यांच्या लिखाणावर सर्वात जास्त सह्या माझ्या आहेत.

आमच्या सभेची रीत तुम्हाला माहीत आहे. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे. लीलाधरजी उभे राहणार, चष्मा पुसणार, आणि संथपणे, एक एक ठराव वाचणार. त्या वेळात आम्ही लोकप्रतिनिधी काय करत होतो? आलुबोंडे खात होतो. कोणी फोनवर, कोणी बाजूवाल्याशी धानाच्या भावावर. वाचून झालं की मी म्हणायचो, "कायम आहे का?" सगळे म्हणायचे, "कायम, कायम." मी सही करायचो. मी त्यांना कितीदा तरी म्हटलं, "लीलाधरजी, जरा भरभर वाचा ना." ते म्हणायचे, "भाऊ, वाचा लागते." आणि पुन्हा तितक्याच संथपणे वाचायचे. मला वाटायचं, माणूस मुळातच संथ आहे.

आता २०२१ सालात येऊ. या रचनाताई तेव्हा डॉक्टर नव्हत्या, विद्यापीठात संशोधन करत होत्या. विषय काय, तर शाश्वत शहरांची सार्वजनिक धोरणं, आणि त्यांचा अभ्यास टेक्स्ट मायनिंगने. मला पहिल्या दिवशी हे काहीच समजलं नाही. मायनिंग म्हटल्यावर मी घाबरलो, म्हटलं गावाखाली काही खनिज सापडलं की काय. मग त्यांनी समजावलं. माझी राइस मिल आहे, तिच्यात सॉर्टेक्स मशीन आहे. हजारो दाणे तिच्यासमोरून जातात आणि वेगळा दाणा ती बरोबर ओळखते. रचनाताई म्हणाल्या, माझा कॉम्प्युटर शब्दांचं तसंच करतो. हजारो ठराव त्याच्यातून जातात. कुठला शब्द किती वेळा येतो, कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द बसतो, कोणता शब्द कोणत्या साली सुरू झाला, हे तो दाखवतो. पुढारी भाषणात काय म्हणाले ते त्या बघत नाहीत. सभेत ठरलं काय, ते बघतात. मला हे जरा झोंबलं, पण मशीन मला आवडली.

पूर्व विदर्भातल्या चौदा लहान शहरांचे ठराव त्यांनी घेतले. आमची हाताने लिहिलेली जुनी बुकं त्यांनी फोटो काढून नेली, आणि एकेक पान टाइप केलं. वर्ष गेलं त्यात. आणि एके दिवशी त्या धावतच आल्या. म्हणाल्या, "भैयाजी, तेरा शहरांत 'बांधकाम' या शब्दाच्या शेजारी निविदा, सिमेंट आणि मंजुरी येतात. फक्त तुमच्या गावात 'बांधकाम' शब्दाशेजारी 'पाणी' येतं. तीस वर्षं, न चुकता. इतकं जुनं, इतकं सातत्याचं जलधोरण मला कुठेच सापडलं नाही. हे कोणी केलं?"

मंडळी, असा प्रश्न पुढाऱ्याला विचारू नये. मी लगेच म्हणालो, "अहो, ते माझंच." खोटं नाही सांगत, मी वर्तमानपत्राच्या माणसाला बोलावून फोटोही काढून घेतला. बोडीच्या काठावर उभं राहून, हात लांब करून. दुसऱ्या दिवशी एक माजी उपसरपंच रचनाताईंकडे जाऊन म्हणाले की धोरण मूळ त्यांचं होतं. तिसऱ्या दिवशी आणखी एक जण गेले. आठवड्याभरात त्या धोरणाचे सहा जनक झाले. आणि ते धोरण नेमकं काय, हे सहापैकी एकालाही सांगता येईना.

रचनाताईंना शंका आली ती तिथून. त्यांनी पुन्हा आकडे काढले. बांधकामाचे १९९२ नंतरचे एकूण ठराव चारशे एकतीस. पैकी चारशे अठ्ठावीस ठरावांत तेच वाक्य, अक्षरशः तेच: सदर काम बोडीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवून करण्यात यावे. पन्नास सदस्य बदलले, पक्ष बदलले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि वाक्य बदललं नाही. माणसं मिळून बोलतात तेव्हा शब्द असे राहत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी उरलेले तीन ठराव काढले. फोटो पाहिले. त्या तिन्ही ठरावांचं अक्षर वेगळं होतं. त्या दिवशी लीलाधरजी रजेवर होते.

त्या यांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काका, हे वाक्य सभेत कोण बोलतं?"

लीलाधरजी म्हणाले, "कोनीच नाई बोलत, बाई. मीच लिवतो."

बघा, ही मुलगी तिथे थांबू शकली असती. तिच्या प्रबंधाचं सर्वात भारी प्रकरण या गावावर उभं होतं. ते धोरण नाही, एका लिपिकाची सवय आहे, हे लिहिलं तर प्रकरण पडतं. तिने सगळं पुन्हा लिहिलं, खरं तेच लिहिलं. आज मी तिला डॉक्टर म्हणून हाक मारतो तेव्हा छाती भरून येते. ती काही माझी कोणी लागत नाही, पण माझ्या गावाच्या जोरावर ती डॉक्टर झाली, असं मी सगळीकडे सांगतो.

आता ही सवय लागली कशी? तिचं कारण पहिल्या रांगेत बसलं आहे. १९९२ साली टोल्याचा, म्हणजे गावालगतच्या लहान वस्तीचा, रस्ता झाला. उंच रस्ता, खालून एकही पाइप नाही. पाऊस पडला, उतारावरचं पाणी रस्त्याला अडलं आणि टोल्याच्या घरांत शिरलं. कुसुमबाईंची धानाची कोठी भिजली. आणि इकडे बोडीत पाणी आलंच नाही. कुसुमबाई पंचायतीत आल्या. सरपंच जागेवर नव्हते, ते असायचे नाहीतच. खुर्चीवर हा नवा लिपिक. पुढचं बोलणं मी दोघांकडूनही ऐकलं आहे, दोघंही सारखंच सांगतात.

कुसुमबाई म्हणाल्या, "रस्त्याचा कागद तुच लिवला ना, बाबू?"

"हो, बाई."

"मंग त्याच्यात पान्याचं काऊन नाई लिवला?"

"सभेत कोनी बोललाच नाई, बाई. जे बोलतेत तेच लिवा लागते."

तेव्हा कुसुमबाई म्हणाल्या, "पानी येईन का तुह्या सभेत हात वर कराले?"

त्या दिवसापासून बांधकामाचा प्रत्येक ठराव लिहिताना लीलाधरजी शेवटी हे वाक्य लिहू लागले. पुढच्या सभेत ते मोठ्याने, संथपणे वाचून दाखवू लागले. आम्ही आलुबोंडे खात "कायम" म्हणू लागलो. ठरावात अट आहे म्हटल्यावर अभियंता पाइप टाकून घेऊ लागला, ठेकेदार कुरकुरत टाकू लागला. रचनाताई स्वतः चिखलात उतरून बघून आल्या आहेत. गावातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्याखाली आणि प्रत्येक सरकारी भिंतीखाली पाण्याला वाट आहे.

हे नियमात बसतं का? नाही बसत. जे सभेत बोललं नाही ते लिहिणं हा लिपिकाचा दोष आहे. आणि आता मी माझ्या दोषाकडे येतो, कारण तो सांगितल्याशिवाय हे भाषण खोटं ठरेल.

त्याच सुमारास मी नगराध्यक्ष होतो आणि माझ्या मनात एक व्यापारी संकुल होतं. दोन मजली, बावीस गाळे, बोडीच्या वरच्या अंगाला, अगदी पाणी येतं त्याच जागी. माझ्या नावाची पाटी मी मनात कधीच लावली होती. सभेत विषय आला. दामिनीताई तेव्हा विरोधी बाकावर. त्या रचनाताईंचा कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या सभेने चारशे अठ्ठावीस वेळा ठरवलं आहे की बोडीच्या पाण्याची वाट अडवायची नाही. त्यातल्या सर्वाधिक सह्या नगराध्यक्षांच्याच आहेत. आता कशी अडवता?" अभियंत्यांनी फाईल खाली ठेवली. म्हणाले, अट कायम असताना मला नकाशा देता येणार नाही.

मी संतापलो. घरी जाऊन जेवलो नाही. एक लिपिक माझ्या सहीने मलाच अडवतो? मी मुख्याधिकाऱ्यांना सांगून लीलाधरजींना कारणे दाखवा नोटीस काढायला लावली. आताचे साहेब नव्हेत, आधीचे. कार्यवृत्तात परस्पर मजकूर घातला म्हणून सेवेतून कमी का करू नये, अशी. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मुलीचं लग्न ठरत होतं. पेन्शन जाणार, नाव जाणार, हे मला दिसत होतं आणि तरी मी नोटीस काढली. वहिनी त्या दिवसांतही आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या. सौभाग्यवतीशी बोलल्या, मला चहा झाला का म्हणून विचारलं. मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

नोटिशीचं उत्तर आलं. दीड ओळ. "सदर मजकूर मी प्रत्येक सभेत वाचून दाखविला आहे. सभेने तो कायम केला आहे." बस. बचाव नाही, विनंती नाही. आणि तेव्हा मला समजलं की हा माणूस तीस वर्षं इतक्या संथपणे का वाचत होता. कोणीतरी ऐकावं आणि हरकत घ्यावी, एवढी संधी तो आम्हाला प्रत्येक वेळी देत होता.

तरीही मी वाकलो नाही. चूक शोधायची म्हणून सगळी बुकं घरी आणली आणि वाचायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या सह्यांच्या वरचा मजकूर वाचला. चार दिवस लागले. शेवटी ते तीन ठराव आले, ज्यांत वाक्य नव्हतं. पहिला, बसस्थानकामागचा रस्ता. दरवर्षी तिथे गुडघाभर पाणी. दुसरा, अंगणवाडीची भिंत. आषाढ-श्रावणात तिथली लेकरं समाजमंदिरात बसवावी लागतात. आणि तिसरा, मंडळी, माझ्या घरासमोरचा रस्ता. लीलाधरजी रजेवर असताना मी घाईने मंजूर करून घेतलेला. पंधरा वर्षं पावसाळ्यात मी माझ्याच दारात विटांवर पाय देऊन घरात जातो, आणि ठेकेदाराला शिव्या देतो.

मी ते पान उघडं ठेवून दाराशी गेलो आणि समोरचा रस्ता बघून आलो. सौभाग्यवती म्हणाली, "का झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आपल्या दारातल्या पाण्याचं कारण सापडलं."

पुढच्या सभेत मी संकुलाचा विषय मागे घेतला. नोटीस मागे घ्यावी, असं सांगितलं. मग बसस्थानकामागचा रस्ता पुन्हा करण्याचा विषय निघाला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सदर काम बोडीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवून करण्यात यावे." लीलाधरजींनी पेन उचललं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे तुमी बोलले म्हनून लिवू, का मी लिवतो म्हनून लिवू?"

मी म्हटलं, "मी बोललो म्हणून लिहा."

तीस वर्षांत ते वाक्य त्या सभागृहात पहिल्यांदा कोणा सदस्याच्या तोंडून निघालं. ते माझ्या तोंडून निघालं, याचा मला अभिमान आहे. माझ्या नावाची पाटी गावात कुठेच नाही. हा अभिमान मला पुरतो.

आणि आता ऐका. रचनाताईंनी गेल्या महिन्यात पुन्हा मशीन चालवली. या वेळी ठरावांवर नाही, नागरिकांनी नगरपंचायतीला दिलेल्या अर्जांवर. नळाचा अर्ज, नालीचा अर्ज, घरकुलाचा अर्ज. दोन वर्षांतल्या किती तरी अर्जांत लोकांनी स्वतःहून लिहिलं आहे, पाण्याची वाट मोकळी ठेवून. कोणी शिकवलं नाही. बचत गटाच्या बायांनी लिहिलं, टोल्याच्या पोरींनी लिहिलं. ताई सांगतात, आता याला धोरण म्हणायला हरकत नाही. मोठमोठ्या शहरांत धोरणाची जाड पुस्तकं छापतात आणि पाऊस आला की बसगाड्या बुडतात. आमच्या मोहबोडीचं धोरण एका ओळीचं आहे, आणि यंदाच्या पावसात बसस्थानकामागचा रस्ता आणि अंगणवाडी या दोन जागाही कोरड्या राहिल्या. माझं दार अजून बाकी आहे. ते शेवटी करा, असं मीच सांगितलं आहे.

मी लांबत चाललो आहे, दामिनीताईंनी घड्याळ पाहिलं. आटोपतो.

मागच्या सभेत लीलाधरजींच्या अभिनंदनाचा ठराव झाला. मी त्यावर अकरा मिनिटं बोललो, चांगलं बोललो. पण ठराव लिहायचा कोणी? तो त्यांनाच लिहावा लागला. मी काल प्रोसिडिंग बुक बघितलं. त्यात लिहिलं आहे: श्री. भेंडारकर, लिपिक, वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. सभा त्यांचे आभार मानते. संपलं. माझी अकरा मिनिटं कुठे गेली म्हणून विचारलं, तर म्हणतात, "भाऊ, कामाचं तेवढंच होतं."

पुढच्या सभेत त्यांच्या जागी आपली नवी लिपिक रेणू उभी राहील आणि तो ठराव वाचेल. रेणू, संथपणे वाच बेटा. आलुबोंडे मी बंद करवले आहेत. तू वाचलंस की अध्यक्षा विचारतील, "कायम आहे का?" आणि त्या वेळी मी, आयुष्यात पहिल्यांदा, हात वर करून हरकत घेणार आहे. कार्यवृत्त अपुरं आहे, म्हणणार आहे. त्यात एक वाक्य वाढवा: या गावाच्या पाण्याला सभेत हात वर करता येत नव्हता, तो तेहतीस वर्षं लीलाधर भेंडारकरांनी वर केला. कुसुमबाई, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. द्यायला उशीर झाला.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, उन्हात बसलेल्या भगिनींचे आणि तिरपा मंडप मुकाट्याने टाकून देणाऱ्या बिछायतवाल्याचे मी आभार मानतो. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर माफ करावं, असं मी आजवर प्रत्येक भाषणाच्या शेवटी म्हणत आलो, आणि खरं सांगतो, मनात काहीच नसायचं. नोटीस मी मागे घेतली, पण तिच्याबद्दल माफी मागितली नव्हती. ती आज मागतो. लीलाधरजी, वहिनी, मला माफ करा. आणि रेणू, हे मी बोललो म्हणून लिहून घे.